वसईची घंटा टिकली. गोव्याची वही मात्र विरते आहे

१/
नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. त्यावरील भव्य घंटा वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली, हे बहुतेक इतिहासप्रेमींना ठाऊक असते. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यानंतर अशा कित्येक घंटा मराठी मुलुखात आल्या. भीमाशंकर आणि मेणवली येथील घंटाही त्यांतल्याच. या घंटांची छायाचित्रे दरवर्षी समाजमाध्यमांवर अभिमानाने फिरतात. मात्र ज्या चर्चमध्ये त्या वाजत, तेथे काय गायले जात होते आणि ते कोणी लिहून ठेवले होते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

२/
या प्रश्नाचा माग काढायचा तर गोव्यात जावे लागते. तेथील जुन्या घरांत आणि चर्चच्या कपाटांत हाताने उतरवलेल्या लॅटिन धर्मसंगीताच्या वह्या आजही आहेत. प्रस्तुत धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे: या वह्या परक्यांनी मागे टाकलेला कचरा नव्हेत. याच भूमीतील माणसांनी रचलेल्या, लिहिलेल्या आणि गायलेल्या संगीताचे ते दस्तऐवज आहेत. ते वाचवण्याची जबाबदारी इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकावर येते, मग त्याचा धर्म कोणताही असो.

३/
प्रथम हे संगीत लिहावे का लागते, ते समजून घेऊ. भजनात शंभर माणसे असली तरी सारे एकच चाल गातात. ती चाल कानाने शिकता येते आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकते. युरोपीय वृंदगायनात तीन-चार आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी चालतात आणि ठरावीक ठिकाणी एकमेकांना भेटतात. एकाचा स्वर क्षणभर मागेपुढे झाला तरी सगळी इमारत कलते. म्हणून हे संगीत रेषांवर मांडावे लागते. अकराव्या शतकात इटलीतील ग्विदो या साधूने रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत रूढ केली. आजची पाच रेषांची स्वरलिपी तिच्यातूनच वाढली.

४/
अशा संगीताची हस्तलिखिते पोथीसारखी सलग असतीलच असे नाही. बहुधा प्रत्येक गायकासाठी आणि वादकासाठी त्याच्या वाट्याचा भाग वेगळ्या कागदावर उतरवला जाई. वरच्या आवाजाचा कागद एकीकडे, खालच्या आवाजाचा दुसरीकडे, व्हायोलिनचा तिसरीकडे. याचा परिणाम गंभीर आहे. पाच कागदांतला एक हरवला, तर उरलेले चार हाती असूनही रचना अपुरी राहते. पोथीचे एक पान गहाळ झाले तर तेवढा मजकूर जातो. येथे एक कागद गेला तर पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत सारी रचना लंगडी होते.

५/
गोव्यात ही विद्या कशी आली? १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला. १५४१ मध्ये स्थानिक मुलांना धर्मशिक्षण देण्यासाठी ‘सांता फे’ची संस्था उभी राहिली. पुढे ती जेझुइटांच्या हाती गेली आणि सेंट पॉल महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. तेथे लॅटिनबरोबर गायनही शिकवले जाई. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गावोगावच्या चर्चना जोडून शाळा निघू लागल्या. संगीत हे धर्मप्रसाराचे साधन होते आणि ते विचारपूर्वक वापरले गेले. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही.

६/
या शाळांतून गोव्याच्या गावजीवनात एक नवा माणूस उभा राहिला. पोर्तुगीजमध्ये त्याला ‘मेस्त्र’ म्हणत, कोंकणीत ‘मेस्त’. मेस्त मुलांना प्रार्थना शिकवी, स्वर वाचायला शिकवी, व्हायोलिन हाती देई आणि रविवारी चर्चचा गायनवृंद चालवी. वाद्य हाती येण्याआधी मुलाला स्वरांची नावे घेत लिहिलेले संगीत वाचता आले पाहिजे, असा दंडक असे. याचा अर्थ असा की ज्या काळात हिंदुस्थानात इतरत्र संगीत प्रायः मुखानेच दिले-घेतले जात होते, त्या काळात गोव्याच्या खेड्यातील मूल स्वरलेखन वाचत होते.

७/
ही विद्या किती उंचीवर पोहोचली होती, याची साक्ष परकीय प्रवाशांनी दिली आहे. १६६३ मध्ये ज्युसेप्पे दि सांता मारिया हे इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू गोव्यात होते. तेथे त्यांनी सात वृंदांनी मिळून सादर केलेले संगीत ऐकले. रचना रोममधील विख्यात संगीतकार जाकोमो कारिस्सिमी याची होती. आपण रोममध्येच आहोत असे वाटावे, इतके ते उत्तम झाल्याची नोंद त्यांनी केली. हयात असलेल्या रोमन संगीतकाराची रचना मांडवीच्या तीरावर गायली जात होती. एवढे स्वर उभे करायचे तर किती लेखण्या झिजल्या असतील, याचा अंदाज वाचकांनी बांधावा.

८/
याच काळाची दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान निघाले. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या हुकुमाने लग्नातील गाणी, वाजंत्री आणि घरगुती विधी यांवर बंदी घातली. स्त्रियांच्या ओठांवरचे गाणे गुन्हा ठरले. ज्या घरातील मुलगा चर्चमध्ये लॅटिन स्तोत्र शिकत होता, त्याच घरातील आजीला आपल्या ओव्या मनातच म्हणाव्या लागत असतील.

९/
म्हणूनच काही जण विचारतात, ‘ज्यांनी आपली गाणी बंद केली, त्यांचे संगीत आपण का जपायचे?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर असे की जतन करणे म्हणजे गौरव करणे नव्हे. इन्क्विझिशनची कागदपत्रे अभ्यासली जातात, ती तिच्या सन्मानासाठी नव्हे. आणि या वह्यांची गोष्ट त्याहून वेगळी आहे. हुकूम काढणारे पोर्तुगीज सत्तेचे अधिकारी होते. वही लिहिणारा मेस्त मात्र लोटलीचा, राय गावचा, कुडतरीचा होता. सत्तेचा दस्तऐवज आणि सत्तेखाली जगणाऱ्या माणसाचा दस्तऐवज यांत फरक करता आला पाहिजे.

१०/
या ठिकाणी मराठी वाचकाच्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापला गेला आणि १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाला. आज त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला. भाविकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरहून तो पुन्हा प्रकाशात आला.

११/
छापखान्याने दिलेले हरवले आणि नकलाकाराने दिलेले उरले. गोव्यात भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये आला खरा, पण सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील मुद्रण थंडावले, ते १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. आणि छापखाना असता तरी गावच्या वृंदाला त्याचा उपयोग थोडाच. त्याला एका रचनेच्या पाच-सहा प्रतीच लागत. त्यासाठी हात, बोरू आणि दोन-चार रात्रींचे जागरण पुरे होते. संगीताची परंपरा त्या जागरणांवर तगली.

१२/
मग कारिस्सिमीच्या काळातील ते वैभवशाली कागद कोठे गेले? त्यांचे आश्रयस्थान असलेले मठच उरले नाहीत. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातील धार्मिक संघ बंद केले. ग्रंथालये विखुरली. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या प्रचंड चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. आज तेथे मनोऱ्याचा एक उभा तुकडा पर्यटकांना दिसतो. राजधानीचे संगीत असे मातीत गेले. जे राहिले ते खेड्यांत, मेस्तांच्या घरी. आज हाती लागणाऱ्या वह्या प्रामुख्याने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या आहेत, त्याचे कारण हेच.

१३/
या वह्यांतील सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे ‘मोतेत’. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस हा ख्रिस्ती समाजाचा प्रायश्चित्तकाळ. त्या काळात गोव्यात, विशेषतः साष्टी तालुक्यात, येशूच्या दुःखभोगाची दृश्ये दाखवण्याचा आणि मिरवणुकीचा प्रघात आहे. त्या वेळी गायल्या जाणाऱ्या छोट्या लॅटिन रचना म्हणजे मोतेत. दोन-तीन आवाज, जोडीला व्हायोलिने, क्लॅरिनेट आणि ‘रबेकांव’ म्हणजे उभा मोठा व्हायोलिनसदृश खर्ज. शब्द बायबलमधले, बऱ्याचदा विलापगीतांतले. मिरवणुकीत वेरोनिकेची भूमिका करणारी मुलगी येशूचा चेहरा उमटलेले वस्त्र उलगडत एकटीच गाते, तेव्हा सारा गाव स्तब्ध होतो.

१४/
शब्द लॅटिन असले तरी यांतील कित्येक रचना गोव्याच्याच मेस्तांनी केलेल्या आहेत. आपल्या गावात किती गायक, कोणाचा आवाज कसा, वादक कोण, हे पाहून त्या बेतल्या जात. एका गावाने दुसऱ्या गावाची रचना मागून उतरवून घ्यावी, बापाची वही मुलाने चालवावी, शिष्याने गुरूच्या प्रतीवरून आपली प्रत करावी, असा हा व्यवहार होता. आपल्याकडे कीर्तनकाराचे बाड ज्या रीतीने एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात जाई, त्याच रीतीचा.

१५/
आता सुरुवातीच्या घंटांकडे पुन्हा पाहू. घंटा पोर्तुगीजांनी आणलेली. तिच्यावरची अक्षरे त्यांची, खूण त्यांच्या क्रुसाची. तरीही ती आपण देवळात टांगली आणि आपली मानली. वही मात्र गोमंतकीय हाताने लिहिलेली, गोमंतकीय डोक्यातून निघालेली. तिला आपण परकी म्हणतो. वस्तू जिंकून आणली की आपली होते आणि शेजाऱ्याने घरात बसून घडवली की परकी ठरते, हे इतिहासाचे गणित नव्हे. तो केवळ विजयाचा हिशेब झाला.

१६/
या वह्यांचे ऋण तर उभ्या भारताने घेतले आहे. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ मध्ये गोव्यातील माजोर्डा येथे झाला. वडील गावच्या चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख. घरी मिळालेली विद्या घेऊन ते मुंबईत आले आणि चित्रपटसंगीतातील नामवंत व्हायोलिनवादक व वाद्यवृंद-रचनाकार झाले. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यातून गुरूचे नाव घरोघरी पोहोचवले. हिंदी गाण्यामागे पन्नास वादक एकाच वेळी अचूक वाजू लागले, कारण प्रत्येकासमोर लिहिलेला कागद होता. तो लिहिणारे आणि वाचणारे हात मोठ्या प्रमाणात गोव्याच्या चर्चशाळांतून आले होते.

१७/
मग ही परंपरा ओसरली कशी? दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ४ डिसेंबर १९६३ रोजी रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषेतील उपासनेचा मार्ग मोकळा झाला. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने गोव्याच्या चर्चमधील वातावरण पालटले. राज्य बदलले, शाळांची व्यवस्था बदलली आणि वेदीवरची भाषाही बदलली. लॅटिन वहीचे रोजचे काम संपले.

१८/
येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लोकभाषेत उपासना आली, हे योग्यच झाले. आपल्या देवाशी आपल्या भाषेत बोलण्याचा हक्क मोठा आहे. त्याच्या साडेतीन शतके आधी स्टीफन्स यांनी ओवीत पुराण रचले, ते याच जाणिवेने. गोव्यात कोंकणी आणि वसईच्या धर्मग्रामांत मराठी मिस्सा सुरू झाली, नवी गीते आली, हा लाभ आहे. पण १९६३ च्या त्याच दस्तऐवजाने जुन्या धर्मसंगीताचा ठेवा काळजीपूर्वक जपावा आणि वाढवावा, असेही बजावले होते. पहिले वाक्य सगळ्यांनी ऐकले. दुसरे बहुतेकांच्या कानांवरून गेले.

१९/
वापर थांबला की वहीचे काय होते, हे सांगायला तज्ज्ञ नको. प्रायश्चित्तकाळातील मोतेत काही गावांत टिकले आहेत, पण वर्षभराचे बाकीचे संगीत पेटीत गेले. घरातील मुले मुंबईला, आखातात, परदेशी निघून गेली. गोव्याचा पावसाळा कागदाला क्षमा करत नाही. वाळवी, बुरशी आणि कसर आहेतच. त्यात एकोणिसाव्या शतकात सर्रास वापरली जाणारी लोहयुक्त शाई कालांतराने कागदच खात जाते. स्वराचा ठिपका जेथे गडद, तेथे आधी भोक पडते. म्हणजे कोरा कागद उरतो आणि स्वर गळून पडतात.

२०/
सरकारी कागदाला राखणदार लवकर मिळाला. गोव्यात दफ्तरखान्याची स्थापना १५९५ मध्ये झाली आणि इतिहासकार दियोगो द कोउतो हा त्याचा पहिला रक्षक होता. तो वारसा आजचे गोवा राज्य पुराभिलेखागार चालवते. चर्चमधील चांदी, हस्तिदंत आणि कोरीव लाकूड यांना जुन्या गोव्यात सांता मोनिका येथे ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात जागा मिळाली. मेस्ताच्या घरातील वही मात्र सरकारी कागद नव्हे आणि चकाकणारी वस्तूही नव्हे. ती दोन्ही दारांच्या बाहेर राहते.

२१/
महाराष्ट्राला ही परिस्थिती नवी नाही. वि. का. राजवाडे गावोगाव वणवण हिंडले नसते, तर वाड्यांतील दफ्तरे वाण्याच्या पुड्या बांधण्यात संपली असती. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड निघू लागले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली आणि १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिर साकार झाले. ही सारी कामे खाजगी माणसांनी आरंभली. सरकारची वाट पाहिली असती तर काही हाती लागले नसते.

२२/
उमरखेडच्या वाचकाला तर याहून जवळचा दाखला आहे. पैनगंगेच्या पलीकडे माहूर. दत्तभक्तांप्रमाणेच महानुभावांचेही ते पवित्र स्थान. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके उतरवून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना ती लिपी उलगडली आणि मराठी गद्याचा आद्य ठेवा मराठी माणसाच्या हाती आला. तोवर ‘लीळाचरित्र’ बहुतेक मराठी वाचकांच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. पोथी होती, पूजेत होती, पण वाचता येत नव्हती.

२३/
गोव्याची वही आज नेमकी त्या अवस्थेत आहे. पाच रेषा आणि काळे ठिपके ही बहुसंख्य मराठी इतिहासप्रेमींसाठी सांकेतिक लिपीच. मोडी शिकण्यासाठी महाराष्ट्रात आज तरुणांचे वर्ग भरतात, सुट्टीच्या दिवशी अभ्यास मंडळे बसतात. जो तरुण मोडीची वळणे आत्मसात करू शकतो, त्याला पाच रेषांची स्वरलिपी अवघड नाही. तिची मुळाक्षरे मोडीहून कितीतरी कमी आहेत. हे शिकणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण नव्हे. आपल्याच कोकणपट्टीतील एक दफ्तर वाचण्याची ती किल्ली आहे.

२४/
‘एवढे कशाला, सगळ्या वह्या स्कॅन करून टाका’ असा सल्ला नेहमी मिळतो. स्कॅन आवश्यकच आहे. पण त्याने कागद वाचतो, संगीत वाचत नाही. भातखंड्यांच्या पुस्तकातील बंदिश नुसती वाचून गाणारा कसा फसतो, हे संगीताच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. लेखनात सांगाडा असतो. स्वर कोठे ओढायचा, कोठे थबकायचे, लय किती संथ ठेवायची, हे गायकाच्या कंठात असते. ज्यांनी हे मोतेत मेस्तासमोर बसून शिकले, ती पिढी आता वृद्ध आहे. त्यांचा आवाज नोंदवला नाही, तर उत्तम प्रतीचे स्कॅन मुकेच राहतील.

२५/
हे सारे स्वप्नरंजन वाटत असेल, तर दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाकडे पाहावे. तेथील चिकितोस प्रदेशात जेझुइटांनी मूळनिवासींच्या वसाहती वसवल्या होत्या. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकलले. पाद्री गेले, संगीत राहिले. स्थानिक नकलाकार वर्षानुवर्षे त्या रचना उतरवत आणि गात राहिले. १९७२ मध्ये स्विस वास्तुरचनाकार हान्स रोथ तेथील चर्चचा जीर्णोद्धार करत असताना सान राफाएल आणि सांता आना येथे संगीताची पाच हजारांहून अधिक पाने हाती आली.

२६/
ती पाने कपाटात बंद करून ठेवली गेली नाहीत. अभ्यासकांनी सुटे भाग जुळवून रचना पुन्हा उभ्या केल्या. १९९० मध्ये तेथील सहा वसाहतींना युनेस्कोने जागतिक वारसा मानले. १९९६ पासून तेथे दर दोन वर्षांनी संगीत महोत्सव भरतो आणि गावातील मुले आपल्या पणजोबांनी उतरवलेले संगीत वाजवतात. तेथेही वसाहतवादाच्या जखमा आहेत. त्या विसरल्या गेलेल्या नाहीत. पण ज्या हातांनी कागद राखला ते हात आपले होते, हे तेथील लोकांनी ओळखले. गोव्यात आणि महाराष्ट्रात उणीव आहे ती याच ओळखीची.

२७/
अर्थात या कामाला मर्यादा पाळाव्या लागतील. वही ही एका कुटुंबाची मालमत्ता आणि अनेकांच्या लेखी श्रद्धेची वस्तू आहे. ती उचलून नेण्याचा हक्क कोणालाही नाही, संशोधकालाही नाही. छायाचित्रण घरातच व्हावे, पहिली प्रत कुटुंबाला मिळावी, नाव प्रसिद्ध करायचे की नाही हे त्यांनी ठरवावे. जुन्या वस्तूंच्या बाजारात सुटी पाने विकली जाऊ लागली, तर एका रचनेचे पाच भाग पाच दिवाणखान्यांत चौकटीत लटकतील आणि पुन्हा कधी एकत्र येणार नाहीत. शोभेसाठी असे पान विकत घेणे म्हणजे त्या विध्वंसात भागीदार होणे आहे.

२८/
मग करायचे काय? प्रथम गाववार सूची: कोणत्या गावी किती वह्या, कोणते भाग आहेत आणि कोणते नाहीत. एका गावात नसलेला भाग शेजारच्या गावात सापडण्याची शक्यता मोठी असते आणि ते केवळ सूचीमुळेच कळते. दुसरे, छायाचित्रण. तिसरे, वृद्ध गायकांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण. चौथे, सुटे भाग जुळवून नवी, वाचनीय प्रत. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, ते संगीत गाणे. यांतील दुसरे आणि तिसरे काम तर कोणत्याही दोन तरुणांना एका भ्रमणध्वनीवर आणि घरच्यांच्या संमतीने करता येईल.

२९/
यासाठी ख्रिस्ती असण्याची अट नाही आणि लॅटिन येण्याचीही नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवणाऱ्या संपादकाची चिकाटी, दफ्तर चाळणाऱ्या राजवाड्यांची भूक आणि मोडी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची शिस्त, एवढे भांडवल पुरेसे आहे. ते महाराष्ट्रात भरपूर आहे. केवळ त्याची नजर तेरेखोल ओलांडून दक्षिणेकडे वळत नाही. वळली, तर किल्ला, तह आणि तलवार यांपलीकडचा कोकणचा इतिहास तिला दिसेल: दिव्याच्या उजेडात रेषा आखणारा, एकेक ठिपका मोजून उतरवणारा, पहाटे तेच स्वर मुलांच्या गळ्यात उतरवणारा माणूस.

३०/
प्रायश्चित्तकाळ दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. त्या दिवसांत साष्टीतील एखाद्या गावी मोतेत ऐकायला जाणे, तेथील वृद्ध गायकाशी आदराने बोलणे आणि त्यांची परवानगी असेल तर एक वही पानापानाने टिपून त्यांच्याच हाती परत देणे, इतक्यापासून आरंभ होऊ शकतो. एक वही म्हणजे फार काही नव्हे. पण राजवाड्यांचेही काम एका दफ्तरापासूनच सुरू झाले होते आणि येणारा पावसाळा मोठ्या योजनांसाठी थांबणार नाही.